संघाची परंपरा कोण ठरवतो? पेठेतला फुटबॉल, पालवणकर बंधू आणि आपण

कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम जवळ आला की त्याची चर्चा सांगली-मिरजेपर्यंत येऊन पोहोचते. पाटाकडीलकडे यंदा कोण आला, दिलबहारमधून कोण गेला, शिवाजी तरुण मंडळाची पुढची फळी कशी आहे, बालगोपाल, खंडोबा आणि प्रॅक्टिस क्लबने कोणाला नोंदवले, यावर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲपच्या ग्रुपपर्यंत वाद रंगतात. केएसएकडे खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की शाहू स्टेडियमवर चेंडू पडण्याआधीच समर्थकांचा सामना सुरू झालेला असतो. या चर्चेत तीन शब्द हमखास येतात. पहिला 'आपला', दुसरा 'बाहेरचा' आणि तिसरा 'परंपरा'. "आपल्या तालमीची परंपरा आहे, आपण बाहेरचे घेत नाही," असे एक जण म्हणतो. "बाहेरचे आणले म्हणूनच चषक आला," असे दुसरा ऐकवतो.

मित्रांनो, हा वाद वरवर खेळाचा दिसतो. पण 'आपला कोण आणि बाहेरचा कोण' हा प्रश्न या देशात कधीच नुसता खेळाचा नव्हता. पाणवठ्यावर, देवळात, शाळेत आणि पंगतीत हाच प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर जातीने दिले. मग मैदान त्यातून सुटेल कसे? म्हणून 'परंपरा' हा शब्द कानावर पडला की आंबेडकरी तरुणाने टाळ्या वाजवण्याआधी थांबून विचारले पाहिजे की परंपरा कोणाची, ती कोणी ठरवली आणि कोणाला दाराबाहेर ठेवून ठरवली?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. संघाची परंपरा म्हणजे कपाटातले जुने चषक नव्हेत. संघाने कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले आणि कोणासाठी तो उभा राहिला, याची नोंद म्हणजे त्याची परंपरा. प्रत्येक हंगामात नवा खेळाडू घेताना ही नोंद पुन्हा लिहिली जाते आणि ती लिहिण्यात समर्थकाचा हात असतो.

तालीम, पेठ आणि वस्ती

कोल्हापूरच्या फुटबॉलचे वेगळेपण त्याच्या नावांतच आहे. जगात इतरत्र क्लब असतात, इथे तालमी आहेत. जिथे लाल मातीत कुस्ती चालायची, त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. याच तालमींत गणेशोत्सवात गणपती बसतो आणि अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. खेळाला राजाश्रय देण्याची या मातीची रीत जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबागचे कुस्ती मैदान आजही उभे आहे.

पण शाहू महाराजांची परंपरा सांगताना लोक खासबागवर थांबतात. आपण थांबायचे नाही. याच राजाने २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाणाऱ्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढायला बळ दिले आणि स्वतः तिथे थांबून, सोबतच्या उच्चवर्णीयांना घेऊन चहा घेतला. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषदेत त्यांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली. त्यामुळे 'शाहूंची परंपरा' म्हणून जी तालीम अभिमान मिरवते, तिने खासबागबरोबर गंगाराम कांबळेंच्या कपातला चहाही आपल्या परंपरेत धरला पाहिजे.

इथेच अडचण सुरू होते. तालीम पेठेची असते, पेठ म्हणजे वस्ती, आणि आपल्याकडे वस्ती जातीप्रमाणे वसली. गावकूस कोणासाठी होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून 'फक्त आपल्या पेठेतली पोरे' हे वाक्य कितीही निरागस वाटले तरी त्यात एक धोका दडलेला आहे. पेठेची ईर्षा कोणत्या क्षणी जातीची ईर्षा होते, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. हा आरोप कुठल्या एका तालमीवर नाही. हा प्रश्न गाव, गल्ली आणि घराणे यांवर उभ्या असलेल्या प्रत्येक संघाला आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

साताऱ्याचा सामना

ते उत्तर आपल्या शेजारच्या साताऱ्यात सापडते. खेळ क्रिकेटचा आहे, पण प्रश्न तोच, नव्या खेळाडूला संघात घ्यायचे की नाही?

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडला चांभार समाजात झाला. वडील फौजेत होते. पुण्यात आल्यावर बाळूला पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये महिना ३ रुपये पगारावर काम मिळाले. नंतर तो गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर लागला. काम होते खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तो तासन् तास गोलंदाजी करी, पण बॅट त्याच्या हाती दिली जात नसे. बॅट साहेबाची आणि घाम बाळूचा. तरी त्या घामातूनच डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्याच्याकडूनच सराव करून घ्यायचा.

पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचे होते आणि हरवू शकणारा गोलंदाज समोर उभा होता. पण तो 'अस्पृश्य' होता. घ्यायचा की नाही यावर क्लबमध्ये वाद झाला. आजच्या भाषेत बोलायचे तर एका नव्या खेळाडूला घेण्यावरून समर्थक आणि पदाधिकारी भांडले. एका बाजूला परंपरा होती आणि दुसऱ्या बाजूला विजय. अखेर बाळूला घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की मात्र इतरांचा चहा आत आणि बाळूचा बाहेर, तोही वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे. म्हणजे बळी घेताना तो हिंदू आणि चहा घेताना अस्पृश्य.

हाच संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून गोऱ्यांनी कित्येक दिवस रोलर फिरवून खेळपट्टी टणक केली होती. त्या खेळपट्टीवर बाळूने सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. पुढे पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. मैदानात एकत्र खेळता, तर पंगतीला एकत्र बसायला काय हरकत, अशा आशयाचे ते बोलल्याचे सांगितले जाते.

आता त्याच साताऱ्यातली पुढची नोंद पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाचा एक मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. वर्गात त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय प्यायला मिळत नसे. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली आणि ती महार आहेत हे कळताच त्यांना न्यायला गाडीवान मिळेना. ज्या जिल्ह्यात एका अस्पृश्याने हिंदूंना विजय मिळवून दिला, त्याच जिल्ह्यात दुसऱ्या अस्पृश्याच्या लेकरांना पैसे मोजूनही बैलगाडी मिळत नव्हती. जिंकून दिल्याने जात जात नाही, हा पहिला धडा आहे. 'चांगला खेळा, मग मान आपोआप मिळेल' असे सांगणाऱ्यांनी साताऱ्याची ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

१९२०: दोन भावांचे बंड

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम होते. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता. बाळू हे त्या पिढीचे नायक होते.

आणि तरीही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्षे गेली. त्यांच्यापेक्षा लहान आणि कमी कर्तृत्वाचे खेळाडू कर्णधार झाले. बाळू चेंडू टाकत राहिले. त्यांचे आणखी दोन भाऊ, गणपत आणि विठ्ठल, संघात आले. विठ्ठल तर त्या काळातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक ठरले. एका घराने संघाला चार खेळाडू दिले, पण संघ त्या घराला कर्णधार म्हणायला तयार नव्हता.

१९२० सालच्या चौरंगी स्पर्धेत कळस झाला. बाळूंना वगळले गेले. कर्णधार पै आजारी पडले तेव्हा विठ्ठल यांचा हक्क असताना कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. हे पाऊल किती मोठे होते ते समजून घ्या. तेव्हा पगारी करार नव्हते, खेळाडूंची संघटना नव्हती. होता फक्त स्वाभिमान. शिवाय वर्ष कोणते? ज्या वर्षाच्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला आणि मार्चमध्ये माणगाव परिषद झाली, तेच हे वर्ष. हवेत काहीतरी बदलत होते आणि मैदानालाही त्याची झळ लागली होती.

वृत्तपत्रांत चर्चा झाली आणि समर्थकांमध्येही कुजबुज सुरू झाली. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली. पै कर्णधार राहिले, भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या वेळेपुरते नेतृत्व बाळूंनी केले. आयुष्यभराच्या गोलंदाजीचे मोल किती, तर काही तासांचे कर्णधारपद!

पण दार किलकिले झाले होते. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. ज्यांच्या भावाला चहा बाहेर मिळत होता, त्या विठ्ठलना समर्थकांनी खांद्यावर उचलून घेतले. पुढे विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. पुस्तक आपल्या भाषेत आहे, तरी आपल्या किती अभ्यासिकांत ते आहे? क्रिकेटवर दिवसरात्र बोलणाऱ्या या राज्यात किती पोरांना विठ्ठल पालवणकर हे नाव माहीत आहे? ही विस्मृती आपोआप होत नाही. परंपरा सांगणारे आपल्या सोयीची नावे लक्षात ठेवतात.

त्याच १९२३ साली, सातासमुद्रापार

आता फुटबॉलकडे वळू. विठ्ठल कर्णधार झाले त्याच १९२३ साली ब्राझीलमधल्या रिओ शहरात वास्को द गामा या क्लबने पहिल्या श्रेणीतल्या आपल्या पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले. या संघात काळे, मिश्रवंशीय आणि कष्टकरी खेळाडू होते. फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोताफोगो या बड्या घरच्यांच्या क्लबांना हे पचले नाही. 'काळ्यांना काढा' असे त्यांनी उघडपणे म्हटले नाही. त्यांनी १९२४ मध्ये नवी संघटना काढली आणि नियम केले. खेळाडू पोटासाठी काय करतो? त्याला नीट लिहिता-वाचता येते का? क्लबकडे स्वतःचे मैदान आहे का? या चौकशीतून निष्कर्ष निघाला की वास्कोने आपले १२ खेळाडू काढून टाकावेत.

ही भाषा ओळखीची वाटते ना? जात थेट विचारायची नाही. आडनाव विचारायचे, राहायला कुठे ते विचारायचे, 'गुणवत्ता' विचारायची. आरक्षणाच्या प्रत्येक वादात आपण हीच भाषा ऐकत आलो आहोत. बहिष्कार नियमांचा सदरा घालून येतो तेव्हा तो ओळखायला शिकावे लागते.

वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून कळवले की आम्ही हे १२ खेळाडू काढणार नाही आणि तुमच्या संघटनेतही येणार नाही. क्लब दुय्यम स्पर्धेत खेळला, पण खेळाडूंचा हात सोडला नाही. पुढच्याच वर्षी बड्यांना त्यांना आत घ्यावे लागले. मैदान नाही म्हणून हिणवले होते ना? समर्थकांनी वर्गणी काढली आणि १९२७ मध्ये साओ जानुआरियो हे भव्य स्टेडियम उभे राहिले. आज वास्कोच्या समर्थकाला तुमची परंपरा काय असे विचारले तर तो चषकांबरोबर हे पत्रही दाखवतो. परंपरा अशी असते.

हिंदू संघ आणि वास्को यांत फरक काय? हिंदू संघाला बाळू हवे होते ते जिंकण्यापुरते. वास्कोला त्याचे १२ खेळाडू हरण्याची वेळ आली तरी हवे होते. नवा खेळाडू आणणाऱ्या प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावे की आपण यातले कोण आहोत?

ग्लासगोचे दोन क्लब

स्थानिक खेळाडूंचे काय, असा प्रश्न कोल्हापूरचा फुटबॉलशौकीन नक्की विचारेल. तो रास्त आहे. त्यासाठी स्कॉटलंडच्या ग्लासगो शहराकडे पाहू.

तिथे आयर्लंडहून पोट भरायला आलेल्या कॅथलिक गरिबांची मुले उपाशी राहत होती. त्यांच्या जेवणासाठी पैसा उभा करायला ब्रदर वॉलफ्रिड यांनी १८८७ मध्ये सेल्टिक क्लब काढला. समोरचा क्लब रेंजर्स, प्रोटेस्टंटांचा. कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही ही रेंजर्सची कित्येक दशकांची अलिखित परंपरा होती. कागदावर कुठे नियम नव्हता. आपल्या गावकुसाचा तरी नियम कुठे कागदावर होता? १९८९ मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतले तेव्हा काही समर्थकांनी क्लबचे मफलर जाळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जॉन्स्टनने सेल्टिकविरुद्ध विजयी गोल केला.

सेल्टिकने मात्र कॅथलिकांचा क्लब असूनही प्रोटेस्टंटांना दार बंद केले नाही. जॉक स्टीन हे त्यांचे सर्वांत थोर प्रशिक्षक प्रोटेस्टंट होते. १९६७ मध्ये त्यांच्या संघाने युरोपियन कप जिंकला, तेव्हा मैदानावरचे अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या आत जन्मलेले होते आणि त्यांत कॅथलिकही होते, प्रोटेस्टंटही.

यातून स्पष्ट होते की स्थानिक असणे आणि सोवळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस मैलांच्या आतली सगळी पोरे जो घेतो तो स्थानिक संघ. तीस मैलांच्या आतली ठरावीक घरांची पोरे जो घेतो तो सोवळा संघ. पेठेच्या पोरांना संधी मिळावी ही मागणी योग्यच आहे. रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव याच कोल्हापुरातून निघून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अशी पोरे आणखी हवीत. पण मागणी करताना 'पेठ' म्हणजे अख्खी पेठ धरा. त्यात कडेची वस्ती धरा, भाड्याने राहणारा धरा, सफाई कामगाराचे घर धरा.

सांगलीचा माणूस, 'बाकीच्यां'चा संघ

आता आपल्या सांगलीत येऊ. ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत विजय हजारे यांचा जन्म झाला. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार हेच होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही चालते. सांगलीकर हे अभिमानाने सांगतात आणि सांगावेच.

पण हजारे मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत कोणाकडून खेळत होते हे सहसा सांगितले जात नाही. या स्पर्धेत संघ धर्मावर होते, हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन. १९३७ पासून पाचवा संघ आला, त्याचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे 'बाकीचे'. भारतीय ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे जे कुठल्याच रकान्यात बसत नव्हते त्यांचा हा संघ. हजारे ख्रिस्ती होते, म्हणून सांगलीचा हा सुपुत्र 'बाकीच्यां'त गेला.

१९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. 'बाकीचे' १३३ धावांत गुंडाळले गेले आणि त्यांच्यावर फॉलोऑनची वेळ आली. दुसऱ्या डावात त्यांनी ३८७ धावा केल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या होत्या. भाऊ विवेक यांच्यासोबत ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेक यांच्या धावा २१. सामना हरला, पण 'बाकीचे' म्हणून ज्यांना रकाना दिला होता, त्यांच्यातल्या एकाने सगळ्या रकान्यांना पुरून उरेल असा खेळ दाखवला. १९४६ मध्ये ही धर्मावर आधारलेली स्पर्धा बंद झाली. ती चालू राहिली असती तर १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपणही 'बाकीच्यां'तच गणलो गेलो असतो. म्हणून हजारेंचा तो डाव ही नुसती सांगलीची आठवण नाही. तो आपलाही इतिहास आहे.

बाळू आणि बाबासाहेब

इथे काही कार्यकर्ते आक्षेप घेतील. बाळू पालवणकर पुढे काँग्रेससोबत गेले, मग त्यांचा गौरव कशाला? आक्षेपातले तथ्य लपवण्याचे कारण नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५.

मात्र यातून निघणारा अर्थ नीट पाहा. ज्यांना हिंदू संघाने कधी कर्णधार केले नाही, त्या बाळूंची आठवण प्रस्थापितांना केव्हा झाली? बाबासाहेबांना अडवायचे होते तेव्हा. मैदानात गोऱ्यांना हरवायला बाळू आणि निवडणुकीत आंबेडकरांना हरवायला बाळू. वापर दोन्हीकडे तोच. राजकारणात आपण बाबासाहेबांच्या बाजूचे आहोत, यात शंका नाही. पण मातीच्या भांड्यात चहा पिऊन सात बळी घेणारा माणूस आणि १९२० मध्ये संघावर पाणी सोडणारे त्याचे भाऊ आपल्या स्वाभिमानाच्या इतिहासातून वगळण्याचे काहीच कारण नाही. आपण वगळले तर त्यांना पुन्हा दुसरे कोणीतरी वापरेल.

'खेळात जात आणू नका'

हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागेल. उत्तर सोपे आहे. खेळात जात आपण आणली नाही, आपण ती दाखवतो. बाळूंचे वेगळे भांडे बाळूंनी आणले नव्हते. विश्वचषक आला की पेठापेठांत मेस्सी आणि नेमारचे मोठमोठे कटआउट लागतात, अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे फडकतात. पेलेच्या रंगाचा कोणाला त्रास होत नाही. मग आपल्याच मैदानावर आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूला रंगावरून हाक मारली जाते तेव्हा गॅलरी हसते कशी? आणि शेजारच्या वस्तीतल्या पोराला आडनाव विचारले जाते तेव्हा तीच गॅलरी गप्प कशी? दूरच्या काळ्याची पूजा आणि जवळच्याचा विटाळ, हा जातिव्यवस्थेचा जुना खेळ आहे.

मग करायचे काय? चार कामे आजपासून करता येतील.

पहिले, आपला इतिहास लिहा. आपल्या वस्तीतून कोण कोण खेळले, कोणत्या संघातून खेळले, कोणाला का सोडावे लागले, हे म्हाताऱ्या खेळाडूंकडून लिहून घ्या. जुने फोटो, जर्सी आणि प्रमाणपत्रे जपा. नोंद आपण ठेवली नाही तर परंपरा दुसरा सांगेल.

दुसरे, मैदानावर हक्क सांगा. संविधानाचे कलम १५(२) सांगते की सरकारी पैशातून चालणाऱ्या सार्वजनिक जागेच्या वापरात जात आड येऊ शकत नाही. गावाचे, नगरपालिकेचे, महापालिकेचे मैदान कोणाला, किती दिवस, कोणत्या अटीवर दिले जाते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. देशाच्या राजधानीत जिथे ड्युरँड कपचे सामने रंगले आणि जिथे भारताने २००७ आणि २००९ चा नेहरू चषक जिंकला, त्या फुटबॉल मैदानाला डॉ. आंबेडकर स्टेडियम म्हणतात. नाव देऊन काम संपत नाही, पण ते नाव आपल्याला मैदानावर पाय रोवायला सांगते.

तिसरे, गॅलरीतली शिस्त आपण घडवा. जातीवरून किंवा रंगावरून शिवी आली तर ती आपल्याच बाजूची असली तरी तिथल्या तिथे थांबवा. १९२३ मध्ये विठ्ठलना खांद्यावर घेणारेही समर्थकच होते आणि १९८९ मध्ये मफलर जाळणारेही समर्थकच. गॅलरीत बसणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या असतात.

चौथे, ज्या मंडळाला तुम्ही पाठिंबा देता त्याला नुसते खेळाडूंविषयी विचारू नका, कार्यकारिणीविषयीही विचारा. संघात आपली पोरे आणि निर्णयाच्या खुर्चीवर एकही नाही, तर ती बाळूंचीच गोष्ट आहे. चेंडू टाकायला चालतो, कर्णधार व्हायला चालत नाही. मुलींच्या संघाला मैदान मिळते का, हेही याच प्रश्नात येते. १४ एप्रिलला आपण ज्या स्पर्धा भरवतो त्या सर्वांना खुल्या असाव्यात आणि त्यांतले एक तरी पारितोषिक पालवणकर बंधूंच्या नावाने असावे.

यंदाच्या हंगामात पुन्हा नवे खेळाडू येतील, जुने जातील, वाद होतील. वाद जरूर घाला, ईर्षाही धरा, खेळ ईर्षेशिवाय रंगत नाही. पण कोणी छाती फुगवून परंपरा सांगू लागला की त्याला साताऱ्याच्या सामन्याची गोष्ट सांगा आणि विचारा, तुमच्या संघात चहा कोणाला आत मिळतो आणि कोणाला बाहेर? या प्रश्नाचे उत्तर हीच त्या संघाची खरी परंपरा.

जय भीम! जय संविधान!